आधी कागद, मग पैसे

खोट्या कर्जवसुलीचा फोन ओळखायचा कसा आणि त्याला उत्तर काय द्यायचं?

फोन बहुधा कामाच्या गडबडीत येतो. पलीकडचा माणूस तुमचं पूर्ण नाव घेतो, पॅन कार्डावरचे शेवटचे आकडे सांगतो, कधी जुना पत्ताही वाचून दाखवतो. मग सुरू होतं, "तुमच्या नावावर सत्तेचाळीस हजार थकीत आहेत. फाइल लीगलला गेली आहे. आज पाचच्या आत भरले नाहीत तर वॉरंट निघेल. पोलीस घरी येतील, ऑफिसला नोटीस जाईल." मागे इतर फोनांचा गलका ऐकू येतो, त्यामुळे मोठ्या कचेरीतून कोणी बोलत असल्याचा भास होतो. कर्ज घेतल्याचं आठवत नसलं तरी शंकेची पाल चुकचुकते. ते जुनं क्रेडिट कार्ड बंद करायचं राहिलं होतं का? फ्रिजचा शेवटचा हप्ता गेला होता ना?

या फोनचं सगळं बळ भीतीत आणि लाजेत आहे. आपल्या समाजात देणं थकणं हा अब्रूचा प्रश्न समजला जातो. त्यामुळे ज्याने आयुष्यभर कोणाचा पैसा ठेवला नाही, तोच माणूस असा फोन आला की आधी हादरतो, आणि घरात कळू नये म्हणून गुपचूप पैसे भरून मोकळा होतो. फसवणारे याच प्रामाणिकपणावर जगतात. म्हणून एक गोष्ट प्रत्येक घरात पक्की ठाऊक हवी. वसुलीचा हक्क कागदाने सिद्ध होतो. ज्याच्याकडे कागद नाही, त्याला आपण एक रुपयाही देणं लागत नाही.

मिरा रोडवरून अमेरिकेला

हा धंदा कसा चालतो ते आपल्याच दाराशी उघड झालं होतं. ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी मिरा रोडच्या कॉल सेंटरांवर छापे घातले. तिथली तरुण मुलं-मुली अमेरिकेतल्या लोकांना फोन करून आपण तिथल्या कर खात्याचे अधिकारी असल्याचं सांगत. तुमचा कर थकला आहे, आत्ताच्या आत्ता भरा, नाहीतर अटक होईल, असा धाक घालत. पैसे गिफ्ट कार्डांच्या क्रमांकांतून उकळले जात. त्याच महिन्यात अशाच फसवणुकीच्या प्रकरणात अमेरिकेच्या न्याय खात्याने ५६ व्यक्ती आणि अहमदाबादमधली ५ कॉल सेंटरं यांच्यावर आरोप ठेवल्याचं जाहीर केलं.

त्याआधी २०१२ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने भारतातून फोन करवणाऱ्या एका टोळीविरुद्ध कोर्टात धाव घेतली होती. कमिशनच्या म्हणण्यानुसार दोन वर्षांच्या आत किमान ६ लाख क्रमांकांवर २७ लाखांहून अधिक फोन झाले आणि ५० लाख डॉलरपेक्षा जास्त रक्कम गोळा झाली. फोन गेलेल्यांपैकी अनेकांनी कधीतरी इंटरनेटवर छोट्या कर्जासाठी अर्ज केला होता. तिथे भरलेली माहितीच त्यांच्याविरुद्ध वापरली गेली. अनेकांकडे मागितलेलं कर्ज मुळात अस्तित्वातच नव्हतं.

या फोनांचा साचा आजही बदललेला नाही. आधी अधिकाराचा आव, म्हणजे वकील, पोलीस, कोर्ट. मग घाई, म्हणजे आजच, तासाभरात. मग एकांत, म्हणजे "फोन ठेवू नका, कोणाला सांगू नका." आणि शेवटी परत मिळवणं कठीण अशा वाटेने पैसा. तिथे गिफ्ट कार्ड होतं, इथे एखाद्या अनोळखी माणसाच्या नावाचा यूपीआय आयडी किंवा क्यूआर कोड असतो. या चारपैकी दोन खुणा जरी दिसल्या तरी बोलणं थांबवावं.

दुखणं नेमकं कोणतं?

वसुलीचे सगळे फोन एका प्रकारचे नसतात. उपाय वेगळे आहेत, म्हणून आधी प्रकार ओळखावा.

पहिला प्रकार कर्जच नसल्याचा. तुम्ही काही घेतलेलं नाही आणि तुमच्या नावावर काही नोंदही नाही. समोरच्याकडे फक्त कुठून तरी मिळालेली माहिती आहे. पॅनचा क्रमांक ठाऊक असणं हा कर्जाचा पुरावा होत नाही. आपल्या कागदपत्रांच्या झेरॉक्स किती दुकानांत पडलेल्या असतात ते आठवून पाहावं.

दुसरा प्रकार अधिक फसवा आहे. कर्ज खरं असतं, हप्ते खरोखर थकलेले असतात, पण वसूल करायला आलेला तोतया असतो. तो म्हणतो, "एक लाखाचं चाळीस हजारांत सेटलमेंट करून देतो, आज पैसे टाका, एनओसी व्हॉट्सॲपवर पाठवतो." पैसे जातात, नकली एनओसी येते आणि बँकेतलं कर्ज जसंच्या तसं उभं राहतं. तडजोड खरी असेल तर तिचं पत्र बँकेकडून येतं, त्यावर कर्ज खात्याचा क्रमांक असतो आणि पैसे त्याच खात्यात भरायचे असतात. ते पत्र शाखेत दाखवून खात्री केल्याशिवाय पैसे भरू नयेत.

तिसरा प्रकार कर्ज देणाऱ्या बेकायदा ॲपचा. पाच हजार मंजूर होतात, फी म्हणून मोठा भाग कापून तीनएक हजार हातात येतात आणि आठवडाभरात पुरते पाच हजार मागितले जातात. ॲप उतरवताना दिलेल्या परवानगीमुळे फोनमधले सगळे संपर्क आणि फोटो त्यांच्या हाती लागलेले असतात. मग शिवीगाळ सुरू होते, नातेवाइकांना मेसेज जातात, विकृत केलेले फोटो पाठवले जातात. रिझर्व्ह बँकेच्या कार्यगटाने नोव्हेंबर २०२१ च्या अहवालात नोंदवलं, की त्यांनी पाहिलेल्या सुमारे ११०० कर्ज ॲपपैकी ६०० बेकायदा होती. या छळापायी माणसांनी जीव दिले आहेत.

चौथ्या प्रकारात तुमची कागदपत्रं वापरून भलत्यानेच कर्ज घेतलेलं असतं आणि फोन करणारा खरोखर बँकेचा असू शकतो. हे क्रेडिट रिपोर्टमध्ये दिसतं. सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चारही कंपन्यांनी वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट मोफत द्यावा, असा नियम आहे. चुकीच्या नोंदीची लेखी तक्रार ३० दिवसांत निकाली निघाली नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई देण्याची तरतूद एप्रिल २०२४ पासून लागू झाली आहे.

पाचवा फोन दुसऱ्याच्या कर्जाचा. "तुमच्या मित्राने तुमचा नंबर दिला आहे, आता तुम्ही भरा." नुसता नंबर दिल्याने कोणी जामीनदार होत नाही. जामीनदाराच्या करारावर तुमची सही असेल तरच जबाबदारी येते. मात्र सही असेल तर ती कर्जदाराइतकीच पक्की असते, हेही ध्यानात ठेवावं.

कायदा कोणाच्या बाजूला?

कर्जदाराच्या भीतीचा इतिहास महाराष्ट्राला नवा नाही. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकरी सावकारांविरुद्ध उठले. हे लोण पुढे पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरलं. त्यांचा रोख होता कर्जरोख्यांवर. ते हिसकावून जाळले गेले, कारण न वाचता आलेल्या त्या कागदांवर अंगठे घेऊन जमिनी गेल्या होत्या. चौकशीसाठी आयोग बसला आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा झाला. पैशाच्या हुकूमनाम्यापोटी शेतकऱ्याला अटक करून तुरुंगात टाकायला त्या कायद्याने मनाई केली.

शंभर वर्षांनी, १९८० मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने जॉली जॉर्ज वर्गीस खटल्यात स्पष्ट केलं, की पैसे नसल्यामुळे देणं फेडता आलं नाही, एवढ्यावरून माणसाला तुरुंगात पाठवता येत नाही. कर्ज थकणं हा मूलतः दिवाणी मामला आहे. चेक न वटणं किंवा मुद्दाम फसवून कर्ज घेणं यांत फौजदारी कारवाई होऊ शकते. पण तिथेही नोटीस, मुदत आणि सुनावणी असा क्रम असतो. चेक प्रकरणात नोटीस मिळाल्यावर पैसे भरायला १५ दिवस मिळतात. "संध्याकाळी पाचपर्यंत भरा, वॉरंट रद्द करतो" असं सांगणारं कोणतंही न्यायालय या देशात नाही.

बापाचं कर्ज मुलाने फेडलंच पाहिजे, ही समजूतही हे लोक वापरतात, विशेषतः घरात नुकताच मृत्यू झालेला असताना. वारसाची जबाबदारी त्याला मिळालेल्या मिळकतीपुरतीच असते. २००५ च्या हिंदू वारसा दुरुस्ती कायद्याने, त्यानंतरच्या कर्जांसाठी, केवळ धर्मकर्तव्य म्हणून मुला-नातवाकडून वसुली करण्याचा मार्गही बंद केला. दहावं-तेरावं व्हायच्या आत आलेल्या अशा फोनवर कोणीही पैसे देऊ नयेत.

खऱ्या वसुली एजंटलाही मर्यादा आहेत. रिझर्व्ह बँकेच्या ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकानुसार सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर वसुलीसाठी फोन करता येत नाही. धमकी, अपमान, नातेवाइकांना आणि मित्रांना त्रास, समाजमाध्यमांवर बदनामी, निनावी फोन हे सगळं निषिद्ध आहे. गावोगावी बचत गटांतल्या महिला ज्या सूक्ष्म कर्जांचे हप्ते भरतात, त्यांच्यासाठी मर्यादा आणखी कडक आहे. सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर त्यांच्याकडे वसुलीला जाता येत नाही. म्हणजे रात्री नऊला दारात उभा राहणारा माणूस खऱ्या कंपनीचा असला, तरी तो नियम मोडतो आहे.

ॲपच्या बाबतीत सप्टेंबर २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनी संपर्कयादी, कॉलची नोंद आणि फोटो-फाइलींना हात लावायला मनाई केली. रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर जुलै २०२५ पासून नियमनाखालच्या संस्थांच्या कर्ज ॲपची यादी आहे. त्यातली माहिती संस्था स्वतः भरतात, म्हणून त्या बँकेच्या किंवा वित्तसंस्थेच्या स्वतःच्या संकेतस्थळावरही ॲपचं नाव पडताळून पाहावं.

फोन चालू असताना

वाद घालू नये आणि शिव्यांना शिव्यांनी उत्तर देऊ नये. शांतपणे विचारावं: तुमचं नाव काय? कोणत्या बँकेचं किंवा संस्थेचं कर्ज? कर्ज खात्याचा क्रमांक, मंजुरीची तारीख आणि मूळ रक्कम किती? वसुलीचं अधिकारपत्र तुमच्याकडे आहे का? मग एकच वाक्य म्हणावं, "हे सगळं मला लेखी पाठवा, मी बँकेत चौकशी करतो." खऱ्या माणसाला यात अडचण नसते. तोतया इथे चिडतो, आवाज चढवतो आणि त्यातून स्वतःच उघडा पडतो.

"पडताळणीसाठी" म्हणून मागितलेला आधार क्रमांक, जन्मतारीख किंवा ओटीपी देऊ नये. कर्ज आहे, हे फोनवर कबूल करू नये. त्याने पाठवलेली लिंक उघडू नये, फाइल उतरवू नये, स्क्रीन दाखवणारं ॲप घेऊ नये. फोन ठेवल्यावर बँकेला आपण स्वतः फोन करावा, तोही पासबुकावरचा किंवा कार्डाच्या मागचा क्रमांक पाहून. इंटरनेटवर शोधून मिळालेले "कस्टमर केअर" क्रमांक अनेकदा याच टोळ्यांचे असतात. फोनवर बँकेचं नाव झळकलं, तरी ते नाव कोणीही टाकू शकतो. बँका आणि वित्तसंस्थांच्या सेवाविषयक फोनांसाठी १६०० ने सुरू होणारी क्रमांकमालिका ठरवली आहे. साध्या दहा आकडी मोबाइलवरून आलेल्या "बँकेच्या" फोनकडे संशयाने पाहावं.

पैसे गेले असतील, छळ सुरू असेल तर

पैसे गेले असतील तर मिनिटही न दवडता १९३० वर फोन करावा. लवकर कळवलं तर पुढच्या खात्यात रक्कम गोठवता येण्याची शक्यता असते. सोबत बँकेलाही कळवावं आणि सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या संकेतस्थळावर तक्रार नोंदवावी. पैसे गेले नसले, तरी असा फोन किंवा मेसेज 'संचार साथी'वरच्या 'चक्षू' सुविधेत कळवता येतो. त्यातून पुढच्या कोणाचा तरी पैसा वाचतो.

धमक्यांचे मेसेज रागाने पुसून टाकू नयेत. क्रमांक, तारीख, यूपीआय आयडी आणि मेसेज यांचे स्क्रीनशॉट हाच पुरावा असतो. भारतीय न्याय संहितेत खंडणीसाठी कलम ३०८, धमकीसाठी ३५१ आणि सरकारी नोकराची तोतयेगिरी करण्यासाठी २०४ आहे. तक्रार देताना ही कलमं ठाऊक असली की बोलण्याला बळ येतं. बँक किंवा नोंदणीकृत वित्तसंस्थाच छळ करत असेल, तर आधी तिच्याकडे लेखी तक्रार करावी. ३० दिवसांत समाधान झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. त्याची माहिती १४४४८ या क्रमांकावर मिळते. बेकायदा कर्ज देणाऱ्यांविरुद्ध रिझर्व्ह बँकेच्या 'सचेत' संकेतस्थळावर तक्रार करता येते.

ॲपवाल्याला एकदा पैसे दिले की तो थांबेल, ही आशा सोडून द्यावी. पैसे देणारा माणूस त्याच्या यादीत वर जातो. त्यापेक्षा आपणच नातेवाइकांना आणि सहकाऱ्यांना एक मेसेज पाठवावा: "माझ्या फोनमधली माहिती चोरीला गेली आहे, माझ्याबद्दल काही आलं तर उघडू नका, ब्लॉक करा." बदनामीची धमकी देणाऱ्याच्या हातातलं हत्यार त्या एका मेसेजने बोथट होतं. आणि मन फार खचलं असेल, तर 'टेलि-मानस'चा १४४१६ हा क्रमांक रात्रंदिवस चालू असतो.

हा सगळा तपशील एका गोष्टीवर अवलंबून आहे. ज्याला फोन आला त्याने घरात सांगायला हवं, आणि त्याने सांगावं असं आपलं घर हवं. मुलाने कॉलेजच्या खर्चासाठी ॲपवरून पाच हजार घेतले असतील, आईने बचत गटाचा हप्ता लपवला असेल, निवृत्त वडिलांनी घाबरून अर्धी पुंजी पाठवली असेल. त्या क्षणी आपल्या तोंडून पहिला प्रश्न "कशाला घेतलंस?" असा निघाला, तर पुढच्या वेळी ते माणूस आपल्याकडे येणार नाही, एकटंच पैसे भरत राहील. पहिला प्रश्न "काय म्हणाला तो? नंबर दाखव" असा असावा. हिशोब नंतर होईल, रागवायचं असेल तर तेही नंतर. दिवाळीत सगळे एकत्र बसतील तेव्हा एवढंच एकमेकांना सांगून ठेवा, की असा फोन आला तर पैसे भरण्याआधी घरातल्या एकाला तरी सांगायचं, आणि ज्याला सांगितलं त्याने आधी मदत करायची.