ऑस्लोहून : ऊब राखायची तर ओल ओळखा

ऑस्लो, जानेवारी

या दिवसांत ऑस्लोत सूर्य सकाळी नऊच्या सुमारास उगवतो आणि दुपारी साडेतीन-चारला मावळतो. पारा बहुतेक वेळा शून्याच्या खाली असतो, कधी उणे पंधरापर्यंतही उतरतो. तरीही कचेऱ्या सुटल्या की फ्रोग्नेरसेतेरेनच्या टेकडीवर चढणाऱ्या मेट्रोत खांद्यावर स्की घेतलेली माणसं दाटीनं उभी असतात. शहराला लागून असलेल्या नूरमार्का जंगलात दिव्यांच्या उजेडात स्कीच्या वाटा रात्री उशिरापर्यंत वाहत्या असतात आणि सोग्नस्वान तळ्याभोवती लोक धावत असतात. आपल्याकडून नव्यानं आलेला माणूस याची दोन कारणं मनाशी धरतो : एक तर ही माणसं जन्मतःच थंडीची आहेत, नाही तर त्यांचे कोट फार जाड आहेत. दोन्ही समज चुकीचे आहेत. ट्रामच्या थांब्यावर उभा असलेला माणूस आणि त्याच्यासमोरून धावत जाणारा माणूस यांच्याकडे नीट पाहिलं तर दिसतं, की धावणाऱ्याच्या अंगावर कपडे कितीतरी कमी आहेत. थंडीचा कपडा किती जाड आहे हे आपण पाहतो. अंग किती कोरडं राहील हे नॉर्वेतली माणसं पाहतात. सगळा फरक या एका प्रश्नात आहे. हा प्रश्न विचारण्याची सवय रक्तातून येत नाही, ती शिकवावी लागते, हे या पत्रात मांडायचं आहे.

आधी शरीराचा हिशेब पाहू. स्नायू काम करतात तेव्हा खर्च होणाऱ्या ऊर्जेचा जेमतेम चौथा हिस्सा हालचालीच्या कामी येतो, उरलेली सगळी उष्णता होऊन बाहेर पडते. म्हणजे धावणारा माणूस चालती शेगडी असतो. ऊब कपड्यात नसते, ती शरीरात तयार होते आणि कपडा ती फक्त राखतो. राखतो तोही स्वतःच्या बळावर नाही, तर धाग्यांमध्ये अडकलेल्या स्थिर हवेच्या बळावर. या हवेची जागा पाण्यानं घेतली की सगळं उलटतं, कारण पाणी हवेच्या सुमारे २५ पट वेगानं उष्णता वाहून नेतं. जाड कोट घालून धावायला निघालेला माणूस दहा मिनिटांत घामानं भिजतो. धावतो तोवर त्याला छान वाटतं. मग तो सिग्नलला थांबतो, बुटाची नाडी बांधायला वाकतो किंवा दमून चालू लागतो. आतली शेगडी मंदावते आणि अंगाला चिकटलेलं ओलं कापड उष्णता खेचून घेऊ लागतं. त्याला थंडी वाजते ती कपडे कमी पडले म्हणून नव्हे, घाम आला म्हणून. यातला सर्वांत मोठा दोषी म्हणजे आपला लाडका सुती कपडा. पुण्यामुंबईच्या उकाड्यात घाम शोषून अंग गार ठेवणं हा सुताचा गुण आहे आणि उणे दहामध्ये तोच गुण घातक ठरतो. म्हणून इथले जाणकार सांगतात, की घरातून निघताना थोडी थंडी वाजली पाहिजे. दारातच उबदार वाटत असेल, तर दहा मिनिटांनी अंग ओलं होणार हे नक्की समजावं.

या हिशेबातूनच तीन थरांची पद्धत आली. अंगालगतचा थर घाम त्वचेपासून दूर नेतो, मधला थर हवा धरून ठेवतो आणि बाहेरचा थर वारा-पाऊस अडवतो. शरीर तापेल तसा मधला थर काढायचा, थांबलं की लगेच चढवायचा. आतल्या थराला इथे अजूनही लोकरच मान्य आहे. ‘उल एर गुल’, म्हणजे लोकर हेच सोनं, ही म्हण लहानथोरांच्या तोंडी आहे. लोकर स्वतःच्या वजनाच्या जवळपास ३० टक्के ओलावा पोटात घेऊनही हाताला ओली लागत नाही आणि भिजली तरी बरीचशी ऊब राखते. हे शहाणपण आधी समुद्रावर आलं, कारण खलाशी आणि कोळी यांचं भिजणं ठरलेलंच होतं. देव्होल्डचा लोकरी कपड्यांचा कारखाना १८५३ सालचा. जहाजाचा कप्तान असलेल्या हेली हान्सेननं १८७७ साली मॉस गावात तेल चोपडलेल्या कापडाचे पाणी न धरणारे कपडे शिवायला सुरुवात केली. १९३३ साली हेन्रिक ब्रुन या लष्करी कप्तानानं मासेमारीच्या जाळ्यापासून अंगात घालायची बंडी बनवली. जाळीच्या भोकांत हवा राहते, घाम अडत नाही आणि वरचा कपडा अंगाला चिकटत नाही. तिला ‘ब्रिन्ये’, म्हणजे चिलखत, असं नाव मिळालं. १९५३च्या एव्हरेस्ट मोहिमेतही जाळीच्या बंड्या वापरल्या गेल्या. आपल्याकडे उन्हाळ्यात वापरली जाणारी जाळीची बनियन आणि ही बंडी यांचं तत्त्व एकच आहे : अंगालगतची हवा आणि घाम यांना वाट मोकळी ठेवणं. त्याहून जुना धडा ध्रुवसंशोधक आमुंडसेननं उत्तर कॅनडातल्या नेत्सिलिक इनुइटांकडून घेतला. १९०३ पासून दोन हिवाळे त्यांच्या शेजारी राहून रेनडिअरच्या कातड्याचे सैल कपडे तो वापरायला शिकला, आणि १४ डिसेंबर १९११ रोजी दक्षिण ध्रुवावर पोहोचताना ही विद्या त्याच्याबरोबर होती. कपड्यात हवा खेळती राहावी म्हणून तो सैल हवा, ही त्यातली मुख्य गोष्ट.

वाऱ्याचा विचार वेगळा करावा लागतो, कारण तापमापक त्याविषयी काही सांगत नाही. हवा उणे १० असताना ताशी ३० किलोमीटरचा वारा सुटला, तर उघड्या त्वचेला ती उणे २० सारखी झोंबते. शांत हवेतही धावणारा माणूस स्वतःचा वारा स्वतः निर्माण करत असतो. म्हणून इथल्या धावपटूंच्या विजारींना पुढच्या बाजूनं वारा अडवणारं कापड असतं आणि मागं साधं, हवा जाऊ देणारं. जाताना वारा अंगावर आणि येताना पाठीशी घ्यावा, म्हणजे घामेजलेल्या अंगाला परतीच्या वाटेवर समोरचा वारा लागत नाही. शरीर थंडीत रक्त मध्याकडे ओढून घेतं, त्यामुळे बोटं, नाक आणि कान आधी संकटात येतात. सगळी बोटं एका पिशवीत राहणारे हातमोजे पाच बोटांच्या मोज्यांहून उबदार, कारण त्यात बोटं एकमेकांना ऊब देतात. निम्मी उष्णता डोक्यातून जाते हा समज मात्र खरा नाही. डोकं शरीराच्या पृष्ठभागाचा सुमारे दहावा हिस्सा आहे आणि साधारण तेवढीच उष्णता त्यातून जाते. तरी टोपीचं महत्त्व कमी होत नाही : धावताना काढून खिशात टाकता येईल आणि क्षणात परत घालता येईल असा दुसरा कपडा नाही.

पायताणाचा प्रश्न याहून अवघड आहे, कारण बुटाकडून आपण ऊब आणि पकड दोन्ही मागतो. ऑस्लोत खरा शत्रू बर्फाची भुसभुशीत रास नव्हे. दिवसा वितळलेलं पाणी रात्री गोठून जो काचेसारखा थर धरतं, तो जास्त घातक असतो. त्यावर कोणताही रबरी तळवा टिकत नाही. नगरपालिका पदपथांवर बारीक खडी टाकते, पण नवा बर्फ पडला की ती गाडली जाते. म्हणून धावण्यासाठी तळव्यात कठीण धातूचे छोटे खिळे बसवलेले बूट मिळतात आणि चालणारे नेहमीच्या बुटावर ताणून चढवायचे खिळेदार पट्टे वापरतात. म्हातारी माणसं ते पर्समध्ये ठेवूनच बाहेर पडतात. उबेच्या बाबतीत बहुतेकांची चूक एकच असते : जाड मोज्यांवर मोजे चढवून पाय बुटात कोंबणं. दाबलेल्या पायात रक्त नीट फिरत नाही आणि मोज्यातली हवाही निघून जाते. हिवाळ्याचा बूट अर्धा क्रमांक मोठा घ्यावा, बोटं हलली पाहिजेत आणि मोजा एकच, पण लोकरीचा असावा. पाणी आत न येऊ देणारा बूट घ्यावा का, याचं उत्तर हवेवर अवलंबून आहे. शून्याच्या आसपास, ओल्या चिखलासारख्या बर्फात तो उपयोगी पडतो. उणे दहाच्या कोरड्या बर्फात बाहेरून पाणी येत नाही आणि असा बूट आतला घाम मात्र कोंडून ठेवतो. शेवटची गोष्ट उजेडाची. गडद कपड्यातला माणूस मोटारीच्या मंद दिव्यात २५-३० मीटरवर येईपर्यंत दिसत नाही. प्रकाश परतवणारी पट्टी असेल तर तो सुमारे १४० मीटरवरून दिसतो. सहा-सात तासांच्या दिवसात ही पट्टी कपड्याचाच भाग मानायला हवी.

आता आक्षेपांकडे वळतो. पहिला आक्षेप असा, की हे सगळं इथल्या लोकांना उपजत जमतं, आपल्याला कसं जमावं? उत्तर बालवाडीत सापडतं. इथली बालवाडी मुलांना हिवाळ्यातही रोज बाहेर नेते. पालकांना कपड्यांची यादी मिळते : आत लोकर, वर पूर्ण अंग झाकणारा पोशाख, हातमोज्यांची जादा जोडी. बालवाडीत ओले कपडे वाळवायला गरम हवेची कपाटं असतात. तीन वर्षांच्या मुलाला हातमोजे ओले झाले की बदलायचे हे कळतं, कारण ते त्याला कुणीतरी रोज सांगितलेलं असतं. मोठ्यांनाही हे शहाणपण फुकट मिळालेलं नाही. १९६७च्या ईस्टरच्या सुट्टीत डोंगरात १८ माणसं दगावली. त्यानंतर रेडक्रॉस आणि १८६८ साली स्थापन झालेली गिरिभ्रमण संस्था यांनी डोंगरात वागण्याचे नियम देशभर रुजवले. छोट्या फेरीलाही वादळाची आणि थंडीची तयारी ठेवा, हा त्यातला एक. ईस्टरच्या सहलीत हमखास खाल्ल्या जाणाऱ्या चॉकलेटच्या वेष्टनाच्या आतल्या बाजूलाही ते छापले गेले. रक्तात असलेली गोष्ट कुणी चॉकलेटच्या कागदावर छापत नाही.

दुसरा आक्षेप पैशाचा आहे आणि तो जास्त वजनदार आहे. ‘वाईट हवा नसतेच, असतात ते वाईट कपडे’ ही इथली प्रसिद्ध म्हण ज्याला चांगले कपडे परवडतात त्याच्या तोंडी सोपी वाटते. मेरिनो लोकर स्वस्त नाही आणि दुकानं दरवर्षी नव्या रंगांचा मोह घालतात. तरी दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. एक, तीन थरांची पद्धत तत्त्वावर चालते, किमतीवर नाही. घाम न धरणारा कुठलाही साधा कृत्रिम धाग्याचा सदरा, त्यावर जुनं लोकरी स्वेटर आणि वर पातळ वाराबंद जॅकेट एवढ्यात उणे पाचपर्यंत धावण्याचं काम भागतं. महागड्या पिसांचा कोट धावण्याला निरुपयोगीच, कारण पिसं भिजली की त्यांची ऊब जाते. दुसरी गोष्ट, या अडचणीची इथल्या समाजाला जाण आहे. ‘बुआ’ नावाच्या केंद्रांमधून देशभर स्की, बूट आणि बाहेर खेळण्याचं साहित्य फुकट उसनं मिळतं. मुलांचे जुने कपडे विकणं-घेणं यात कुणाला कमीपणा वाटत नाही. विषमता यानं संपत नाही आणि नव्यानं आलेल्या कुटुंबांच्या मुलांना ती अजून बोचते, हे मान्य करायला हवं. पण म्हणीतला उपदेश खरा करायचा असेल, तर कपडे हा खासगी हौसेचा विषय न राहता सार्वजनिक सोय झाला पाहिजे, हे इथे निदान ओळखलं गेलं आहे.

तिसरा आक्षेप म्हणजे ही म्हणच खोटी आहे, वाईट हवा असतेच. हे खरं आहे. आंतरराष्ट्रीय स्की महासंघाच्या नियमांनुसार पारा उणे २० च्या खाली गेला तर जंगलातल्या लांब शर्यती घेतल्या जात नाहीत. लोकर कितीही चांगली असली तरी फुप्फुसांत जाणारी हवा थंड आणि कोरडीच राहते. वर्षानुवर्षं अशा हवेत जोरानं श्वास घेणाऱ्या अव्वल स्कीपटूंमध्ये दम्याचं प्रमाण जास्त आढळतं. दमा किंवा हृदयविकार असलेल्यानं वेग कमी ठेवावा, नाकातोंडावर गळपट्टी घ्यावी आणि फार थंडीत घरात व्यायाम करावा. डोंगरातल्या त्या नियमांपैकी एक सांगतो, की वेळेवर मागं फिरा, मागं फिरण्यात लाज नाही. ज्यांनी ती म्हण घडवली त्याच समाजानं हा नियमही घडवला. कपडा माणसाची मर्यादा पुढं सरकवतो, पण ती पुसत नाही, हे दोन्ही वाक्यं एकत्र वाचली की कळतं.

मराठी वाचकाला याचं काय, असा प्रश्न उरतो. आपल्याकडे उणे दहा नाही, पण ओल आणि वारा आहेत. पावसाळ्यात जीन्स आणि सुती टीशर्ट घालून सह्याद्रीतला गड चढणारी मुलं माथ्यावरच्या वाऱ्यात कुडकुडतात, तेव्हा तापमान वीसच्या आसपासच असतं. त्यांना थंडी वाजते ती ओल्या सुतामुळे. याच डोंगरउतारांवर आणि माळांवर मेंढ्या चारणारा धनगर पावसात खांद्यावर घोंगडी टाकतो. ती भिजते, जड होते, तरी ऊब सोडत नाही. म्हणजे ‘उल एर गुल’ ही नॉर्वेची म्हण जे सांगते, ते आपल्याकडे मेंढपाळाला ठाऊक होतंच. शहरात आल्यावर आपण घोंगडीला गरिबीची खूण ठरवलं आणि तिच्यातलं ज्ञानही तिच्याबरोबर बाजूला ठेवलं. नॉर्वेनं आपल्या कोळ्यांचं ज्ञान बालवाडीपर्यंत पोहोचवलं. हिमालयात निघणाऱ्या, परदेशी हिवाळ्यात पाऊल टाकणाऱ्या किंवा नुसत्या जुलैतल्या राजगडावर जाणाऱ्या आपल्या मुलांना दुकानात नेण्यापूर्वी एवढं विचारायला शिकवलं पाहिजे : हा कपडा भिजल्यावर कसा वागेल?