एकाच उंबराचे दोन माळी

वाळूजच्या कारखान्यांलगत वसलेल्या बजाजनगरसारख्या कामगार वस्तीत एखाद्या भिंतीच्या फटीतून पिंपळाचे रोप डोकावते. ते कोणी लावलेले नसते. त्याचे बी आणणाऱ्यांत दोन फलाहारी प्रमुख आहेत : दिवसा लालबुड्या बुलबुल आणि रात्री आखूड नाकाचे वटवाघूळ, म्हणजे शास्त्रीय भाषेत सायनोप्टेरस स्फिंक्स. दोघांचेही वजन साधारण 40 ग्रॅमच्या आसपास. वड, पिंपळ, उंबर हे दोघांचेही अन्न.

साम्य एवढेच. बुलबुल पिकलेले फळ रंगावरून हेरतो. वटवाघूळ प्रामुख्याने वासावरून. कीटक टिपणारी वाघळे प्रतिध्वनीवर विसंबतात, पण या फलाहारी जातीची भिस्त नाक आणि डोळ्यांवर असते. तिचे नर खोट्या अशोकाची पाने-डहाळ्या कुरतडून राहण्यासाठी चक्क तंबू तयार करतात.

खरा फरक बी टाकण्यात आहे. बुलबुलाची विष्ठा बहुधा तो बसतो त्या फांदीखाली, तारेखाली किंवा कुंपणाखाली पडते. वटवाघूळ फळ तोंडात धरून दुसऱ्या झाडावर नेते, रस गिळते आणि चोथा थुंकते. उंबराचे बारीक बी मात्र पोटातून जाते आणि उडता उडताही खाली पडते. त्यामुळे जिथे बसायला झाड नाही, अशा उघड्या माळावरही बी पोचते. एकाने सोडलेली जागा दुसरा भरतो.

कायद्याने मात्र या दोघांना एका पंक्तीला बसवले नाही. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात बुलबुल संरक्षितांच्या यादीत होता, तर फलाहारी वटवाघळे कावळे-उंदरांसोबत उपद्रवी प्राण्यांच्या पाचव्या परिशिष्टात. ते परिशिष्ट 2022 च्या दुरुस्तीने गेले. मनातले 'अशुभ' जायला वेळ लागेल.

आणि तो वेळ वटवाघळाला परवडणारा नाही. बुलबुलाची मादी एका वेळी दोन-तीन अंडी घालते आणि सुमारे 14 दिवसांत पिले बाहेर येतात. वटवाघळाची मादी चार महिन्यांच्या गर्भारपणानंतर एकच पिलू देते. वर्षाला फार तर दोन. हुसकावलेली, मारलेली वाघळे लवकर भरून निघत नाहीत. बुलबुल गातो म्हणून आपण त्याला अंगणात जागा देतो. रात्रपाळीच्या माळ्याला निदान त्याचे झाड तरी राहू द्यावे.