हौदांतील ‘सकर’ माशास भाजीचा चारा

बाजारांत ‘सकर’ म्हणून मिळणारा, कांचेस तोंडानें चिकटणारा मासा मूळचा दक्षिण अमेरिकेंतील. हौदांतील शेवाळावर त्याचें पोट भरत नाहीं. पालेगांवीं ज्यांच्या परसांत दुधी, काकडी वा पालक आहे, त्यांनीं तोच द्यावा. दुधीची चकती उकळत्या पाण्यांत मिनिटभर मऊ करावी व निवल्यावर दगड बांधून रात्रीं तळाशीं सोडावी. हा प्राणी निशाचर आहे. उरलेला चोथा सकाळीं काढावा, नाहीं तर पाणी नासतें. फवारलेली भाजी मात्र कदापि घालूं नये. पायरेथ्रॉइड वर्गाचीं कीटकनाशकें अत्यल्प प्रमाणांतहि माशांस मारक ठरतात. कांहीं जाती हातभर वाढतात. म्हणून कंटाळून मासा उल्हास नदींत किंवा तळ्यांत सोडूं नये. कोलकात्याच्या पूर्वेकडील पाणथळींत व आंध्रांतील तळ्यांत तो माजला असून त्याच्या कांट्यांनीं कोळ्यांचीं जाळीं फाटतात.