क्राफ्ट दांपत्याची कुळकथा

वंशावळ मांडावयाची म्हणजे प्रथम मूळपुरुषाचे नाव लिहितात. त्याखाली पुत्रांची नावे आणि त्याखाली नातवंडांची. ज्याच्या घरी जुनी दप्तरे आहेत त्याला हे काम कंटाळवाणे वाटेल, पण अवघड वाटणार नाही. परंतु ज्या माणसाला कायद्याच्या दृष्टीने बापच नाही, ज्याच्या आईचे नाव मालकाच्या मिळकतीच्या यादीत गुराढोरांच्या शेजारी लिहिलेले आहे आणि ज्याचा विवाह कोणत्याही दप्तरी नोंदला जाऊ शकत नाही, त्याची कुळकथा कोठून सुरू करावी? श्रोतेहो, आज ज्या जोडप्याची हकीकत मी सांगणार आहे, ते अशा माणसांपैकी होते. पतीचे नाव विल्यम क्राफ्ट आणि पत्नीचे एलन. दोघेही अमेरिकेच्या दक्षिण भागातील जॉर्जिया राज्यात गुलाम म्हणून जन्मास आली.

प्रथम कायद्याची गोष्ट सांगितली पाहिजे, कारण पुढचे सारे तिच्यातूनच निघते. १६६२ साली व्हर्जिनियाच्या वसाहतीने असे ठरविले की, मूल स्वतंत्र की गुलाम हे त्याच्या आईच्या स्थितीवरून समजावे. इंग्लंडच्या रूढ कायद्याप्रमाणे मुलाची प्रतिष्ठा बापावरून ठरत असे. येथे ते मुद्दाम उलटे केले. गोरा मालक आणि त्याची दासी यांच्या संततीचा प्रश्न या एका वाक्याने सुटला. दक्षिणेतील इतर वसाहतींनीही हे तत्त्व उचलले. मालकाचे रक्त ज्याच्या अंगात आहे असे मूल अशा रीतीने त्याचे वारस न ठरता त्याची जिंदगी ठरू लागले, आणि बापाला स्वतःचे मूल विकण्याचा निर्वेध अधिकार मिळाला.

एलनचा जन्म १८२६ साली क्लिंटन या गावी झाला. तिची आई मारिया ही जेम्स स्मिथ नामक श्रीमंत मळेवाल्याची दासी, आणि बाप स्वतः जेम्स स्मिथ. मारिया मिश्र वंशाची असल्यामुळे मुलगी इतकी गोरी निपजली की, घरी येणारे पाहुणे तिला मालकाच्या औरस मुलांपैकीच एक समजत. मालकिणीला हे किती झोंबत असेल याची कल्पना करता येईल. तिने या छळातून सुटण्याचा मार्ग शोधला तो असा : एलन अकरा वर्षांची असताना मालकिणीची मुलगी एलायझा हिचे लग्न झाले, तेव्हा एलनला तिच्याबरोबर सासरी देऊन टाकण्यात आले. आपल्याकडे याला आंदण म्हणतात. एका बापाच्या दोन मुली. त्यांतील एक नवरी झाली आणि दुसरी तिच्या आंदणात गेली. एलायझाचा पती डॉक्टर रॉबर्ट कॉलिन्स हा मेकन शहरातील बडा गृहस्थ होता. मारिया क्लिंटनलाच राहिली.

विल्यमचे आईबाप आणि भावंडे एकाच मालकाकडे होती, आणि त्याचे आडनाव क्राफ्ट हेही त्या मालकाचेच. आईबाप वयाने उतरू लागले तसे मालकाने त्यांना विकून टाकले. तेही एकत्र नव्हे, निरनिराळ्या वेळी, निरनिराळ्या गिऱ्हाइकांना. एक भाऊ आणि एक बहीण हीही अशीच गेली. उरलेल्या विल्यमला सुतारकाम शिकावयास घातले होते, कारण कसबी गुलामाला भाव अधिक येतो. पुढे मालकाला कापसाच्या सट्ट्याचा नाद लागला, आणि त्याने सोळा वर्षांचा विल्यम व त्याची चौदा वर्षांची बहीण यांना बँकेकडे गहाण टाकले. कर्ज फिटले नाही. बँकेने लिलाव पुकारला. बहिणीचा पुकार आधी झाला. तिला विकत घेणारा तिला घेऊन निघाला, तेव्हा विल्यमने निरोप घेण्यापुरती सवड मागितली, ती त्याला नाकारण्यात आली. त्याने पुढे आत्मवृत्तात हा प्रसंग लिहिला आहे. सबंध पुस्तकात त्याचा आवाज सहसा चढत नाही. या ठिकाणी मात्र चढतो.

मेकनमध्ये या दोघांची गाठ पडली. विल्यम एका कारागिराकडे मेज-कपाटे बनवीत असे. एलन शिवणकामात तरबेज होती. परस्परांवर प्रीती जडल्यावरही एलन कित्येक दिवस विवाहाला तयार होईना. तिचे म्हणणे सरळ होते. आपल्याला मूल झाले तर ते डॉक्टर कॉलिन्सचे होईल, आणि आपल्याला जसे आईपासून तोडले तसे त्यालाही उद्या तोडतील. अखेर १८४६ साली मालकांच्या संमतीने त्यांचा संसार सुरू झाला. पण तो कायद्याने विवाह नव्हता. मालकाच्या लहरीवर टिकणारे ते सहजीवन होते. स्वतंत्र भूमीवर पाय ठेवल्याखेरीज घरात पाळणा हलवावयाचा नाही, असा जणू दोघांचा पण होता, आणि तो त्यांनी पाळला. त्यांच्या पलायनाची कथा अमेरिकेत पुष्कळदा साहसकथा म्हणून सांगितली जाते. मला तिचे खरे मूळ या पाळण्यात दिसते.

पलायनाची युक्ती अशी. गोऱ्यापान एलनने पुरुषाचा वेष करून तरुण जमीनदार व्हावयाचे, आणि विल्यमने त्याचा गुलाम म्हणून मागे चालावयाचे. गोऱ्या स्त्रीने काळ्या गुलामाला बरोबर घेऊन एकटीने प्रवास करणे त्या समाजात रीतीस धरून नव्हते, म्हणून पुरुषवेष. नाताळच्या सुमारास काही मालक विश्वासू गुलामांना चार दिवसांची रजा देत. तशी चिठ्ठी दोघांनी मिळविली. तीत काय लिहिले आहे हे मात्र दोघांनाही वाचता येईना, कारण गुलामाला अक्षरओळख करून देणे कायद्याने गुन्हा होता. त्यातूनच मोठी अडचण उभी राहिली. खाणावळीत उतरताना आणि जकातकचेरीत प्रवाशाने वहीत सही करावी लागते. जमीनदाराला सही येत नाही असे कसे चालेल? तोड एलननेच काढली. उजवा हात झोळीत बांधावयाचा म्हणजे लिहिण्याचा प्रश्न उरत नाही. दाढी नाही हे झाकण्यासाठी गालाला पोटीस बांधून वर फडके गुंडाळले, आणि नजर दिसू नये म्हणून हिरवा चष्मा लावला. आजारी मनुष्य फिलाडेल्फियास औषधोपचारासाठी चालला आहे, एवढे सोंग पुरे होते. पाटलोण तिने स्वतः शिवली. केस विल्यमने कापले.

२१ डिसेंबर १८४८ रोजी पहाटे दोघे निघाली. आगगाडीत एलनच्या शेजारी येऊन बसले ते क्रे नावाचे गृहस्थ! आदल्याच दिवशी ते तिच्या मालकाच्या घरी जेवून गेले होते आणि तिला लहानपणापासून ओळखत होते. त्यांनी बोलणे काढले तेव्हा तिने बहिरेपणाचे सोंग केले. सव्हानाहून आगबोटीने दोघे चार्ल्स्टन बंदरात आली. तेथे पुढचे तिकीट काढताना जकातकचेरीतील अधिकाऱ्याने सांगितले की, साहेबांनी आपले व गुलामाचे नाव वहीत लिहावे आणि गुलामाबद्दल एक डॉलर कर भरावा. साहेबांनी झोळीतील हात दाखविला. अधिकारी बधेना. लोक जमले. अखेर बोटीवर ओळख झालेल्या एका तरुण लष्करी गृहस्थाने आपण या सद्गृहस्थांना जाणतो असे ठोकून दिले, आणि बोटीच्या कप्तानाने नाव लिहून घेतले. मार्गातील गुलामगिरीच्या शेवटच्या राज्यांपैकी एक मेरीलँड. तेथे बाल्टिमोर येथे पुन्हा अडवणूक झाली, आणि गाडी सुटता सुटता सुटका झाली. नाताळच्या सकाळी ती फिलाडेल्फियात पोहोचली. हजार मैलांचा प्रवास चार दिवसांत झाला होता.

तेथून ती बोस्टनला स्थायिक झाली. पण १८५० च्या सप्टेंबरात पळपुट्या गुलामांसंबंधीचा नवा कायदा झाला, आणि उत्तरेतील स्वतंत्र राज्यांतूनही माणसे धरून नेण्यास मालकांना सरकारचे साह्य मिळू लागले. ऑक्टोबरातच मेकनहून दोघे हस्तक बोस्टनला येऊन थडकले. गावातील गुलामगिरीविरोधी मंडळींनी त्या दोघांची अशी काही त्रेधा उडविली की, ते हात हालवीत परतले. कॉलिन्सने थेट राष्ट्राध्यक्ष फिलमोर यांना पत्र लिहिले. आता देश सोडणे भाग होते. त्यापूर्वी ७ नोव्हेंबर रोजी थिओडोर पार्कर या धर्मोपदेशकाने मॅसॅच्युसेट्सच्या कायद्यानुसार दोघांचा विधिपूर्वक विवाह लावला, आणि विल्यमच्या हाती एक बायबल व एक लांब पात्याची सुरी दिली; एक आत्म्याच्या रक्षणासाठी, दुसरी पत्नीच्या. धर्मोपदेशकाने वराला दिलेला असा आहेर क्वचितच ऐकिवात येईल. संसारास चार वर्षे झाल्यावर हे लग्न लागले, आणि क्राफ्ट घराण्याचा पहिला कायदेशीर कागद तयार झाला.

इंग्लंडमधील काळाविषयी थोडक्यात सांगतो. सरे परगण्यातील ऑकहॅम येथील शाळेत दोघे लिहावयास-वाचावयास शिकली आणि त्याच वेळी तेथील मुलांना आपापले कसब शिकवू लागली. १८५२ साली पहिला मुलगा झाला. एकंदर पाच मुले त्या देशात जन्मली, आणि त्यांची नावे पाहण्यासारखी आहेत. थोरल्याचे नाव चार्ल्स एस्टलिन फिलिप्स; यांतील एस्टलिन हे ब्रिस्टल येथील त्या कुटुंबाचे आडनाव, ज्याने या जोडप्याला आसरा दिला. एका मुलाच्या नावातील ब्रूम हे तर गुलामगिरीविरुद्ध झगडणाऱ्या लॉर्ड ब्रूमचेच नाव होय. आजोबांची नावे नातवंडांना द्यावयाची, तर आजोबा एकीकडे मळेवाला आणि दुसरीकडे कोठे विकला गेला ते अज्ञात. तेव्हा मुलांच्या नावांत मित्र आणि उपकारकर्ते आले. आडनाव मात्र जुन्या मालकाचे राहिले. ते टाकून नवे का घेतले नाही, याचे नवल मला नेहमी वाटते. कदाचित ताटातूट झालेल्या भावंडांना शोध घ्यावयाचा झाल्यास तेवढीच एक खूण उरली होती.

१८६० साली लंडनमध्ये विल्यमचे पुस्तक प्रसिद्ध झाले. स्वातंत्र्यासाठी हजार मैल धाव, अशा अर्थाचे त्याचे नाव आहे. वंशेतिहासाच्या दृष्टीने त्याचे मोल फार आहे. अमेरिकेत १८५० आणि १८६० सालच्या खानेसुमारीत गुलामांच्या वेगळ्या याद्या केल्या होत्या. त्यांत मालकाचे नाव असे आणि त्याखाली गुलामाचे वय, लिंग व वर्ण. नाव सहसा लिहीतच नसत. १८६० साली अशी सुमारे चाळीस लाख माणसे होती. त्यांची नावे खानेसुमारीत प्रथम आली ती १८७० साली, म्हणजे मुक्ततेनंतर. आज जे कृष्णवर्णीय अमेरिकन आपली वंशावळ शोधतात, त्यांची वाट बहुधा या १८७० सालाच्या भिंतीशी अडते. भिंतीपलीकडे पाहावयाचे तर मालकांची मृत्युपत्रे, गहाणखते आणि लिलावाची कागदपत्रे धुंडाळावी लागतात. क्राफ्ट घराण्याला एक लिहिता पूर्वज लाभला, म्हणून आपण एवढे तरी सांगू शकतो.

अमेरिकेतील यादवी युद्ध १८६५ साली संपले आणि गुलामगिरी कायद्याने नष्ट झाली. त्यानंतर मारियाचा जॉर्जियात शोध लागला. हितचिंतकांनी प्रवासाचा खर्च जमविला, आणि ती म्हातारी समुद्र ओलांडून लंडनला लेकीच्या घरी आली. ज्या मुलीला तिच्या कुशीतून काढून आंदण दिले होते, तिच्या घरी आता नातवंडे होती, आणि त्यांतील एकही कोणाची मालमत्ता नव्हते.

सुखाने इंग्लंडात राहता आले असते. विल्यमने मध्यंतरी पश्चिम आफ्रिकेतील दाहोमे येथे व्यापार केला आणि शाळाही काढली होती. पण १८६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस हे कुटुंब जॉर्जियाकडे परतले, आणि ज्यांच्यातून आपण पळालो त्या लोकांत शाळा काढावयाची असे दोघांनी ठरविले. दक्षिण कॅरोलिनाच्या सीमेवर त्यांनी घेतलेला पहिला मळा १८७० साली रात्री हिंडणाऱ्या गोऱ्या टोळीने जाळला. मग सव्हानाजवळ वुडव्हिल येथे दुसरी जमीन घेऊन १८७३ साली शाळा सुरू केली. ज्योतीराव फुले यांनी ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेतील गुलाममुक्तीसाठी झटणाऱ्या सज्जनांना अर्पण केले ते याच १८७३ साली. पुण्यातही एक जोडपे शाळांमागे आयुष्य वेचीत होते. वुडव्हिलची शाळा फार टिकली नाही. विल्यम देणग्यांचा पैसा स्वतःसाठी वापरतो असा आरोप झाला. त्याने अब्रुनुकसानीचा दावा लावला आणि १८७८ साली तो हरला. कर्ज वाढले, कापूस उतरला, शाळा मिटली.

उतारवयात दोघे चार्ल्स्टनला मुलीकडे राहावयास गेली. एलन १८९१ साली वारली. तिच्या इच्छेप्रमाणे वुडव्हिलच्या मळ्यातील तिच्या आवडत्या पाइन वृक्षाखाली तिला पुरण्यात आले. विल्यम १९०० च्या जानेवारीत चार्ल्स्टन येथे निवर्तला. मुलीचे नावही एलनच. तिचे पती डॉक्टर विल्यम क्रम हे त्या शहरातील कृष्णवर्णीय वैद्य. राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी १९०३ साली त्यांची एका सरकारी जागेवर नेमणूक केली, आणि तीवरून सिनेटमध्ये इतका गदारोळ झाला की, मंजुरी मिळावयास १९०५ साल उजाडले. ती जागा चार्ल्स्टन बंदराच्या जकात अधिकाऱ्याची होती. त्याच बंदराच्या जकातकचेरीत १८४८ साली त्यांच्या सासूने न येणारी सही टाळण्यासाठी झोळीतला हात पुढे केला होता.

लंडनमधील हॅमरस्मिथ भागात हे कुटुंब राहत होते त्या घरावर २०२१ साली दोघांच्या नावाचा निळा फलक बसविण्यात आला. इल्योन वू या लेखिकेने लिहिलेल्या त्यांच्या चरित्राला २०२४ सालचे पुलित्झर पारितोषिकही मिळाले आहे.