पांढऱ्या वर्तुळातला तीन

जून १९५७ मध्ये ल मांच्या चोवीस तासांच्या शर्यतीत पहिली आणि दुसरी आलेली गाडी एकाच संघाची होती. एकुरी एकोस हा एडिंबरा शहरातला छोटा संघ डेव्हिड मरे यांनी १९५१ मध्ये उभा केला होता. दोन्ही गाड्या जॅग्वार डी-टाइप, दोन्ही लांब नाकाच्या, दोन्ही गडद निळ्या. लांबून बघणाऱ्याला फरक दिसे तो पांढऱ्या वर्तुळातल्या काळ्या आकड्याचा. ३ क्रमांकाच्या गाडीत रॉन फ्लॉकहार्ट आणि आयव्हर ब्यूब होते, ती जिंकली. १५ क्रमांकाची दुसरी आली. आदल्या वर्षीही हाच संघ जिंकला होता, पण ती गाडी आखूड नाकाची होती आणि तिच्यावर ४ होता.

त्याच १९५७ च्या सुरुवातीला इंग्लंडमधल्या हॅरोगेटच्या खेळण्यांच्या प्रदर्शनात फ्रेड फ्रान्सिस यांनी स्केलेक्स्ट्रिक मांडलं. त्यांची मिनिमॉडेल्स ही कंपनी त्याआधी स्प्रिंगवर चालणाऱ्या पत्र्याच्या गाड्या करत असे. आता गाडीत विजेची मोटर आली, ट्रॅकला खाच आली, खाचेच्या दोन्ही बाजूंना धातूच्या पट्ट्या आल्या. गाडीच्या पोटाखालची पिन त्या खाचेत बसते, पट्ट्यांमधून वीज वर चढते आणि हातातल्या कंट्रोलरनं वेग कमी-जास्त करता येतो. सुकाणू नाही, वळणावर वेग जास्त झाला की गाडी खाचेतून उडते आणि पलटी खाते. स्लॉट कार म्हणतात ती हीच. पुढे अमेरिकेत ऑरोरानं याहून छोट्या गाड्या काढल्या, जर्मनीत १९६३ मध्ये कॅरेरा आली. घरगुती शर्यतीसाठी सर्वांत जास्त चालणारं माप मात्र १:३२ हेच राहिलं.

कारखाना एका साच्यातून हजारो डी-टाइप काढू शकतो. त्यांतली एक ३ क्रमांकाची होते ती नखाएवढ्या पातळ पापुद्र्यामुळे. त्या पापुद्र्याला डिकल म्हणतात. डब्यात येतो तो नंबर आपल्याला हवा असेलच असं नाही, म्हणून या छंदातली बरीच माणसं आपले डिकल घरीच छापतात. माझ्या मते या छंदाचं सर्वांत विचारी काम तेच आहे. गाडी पळवायला बोट पुरतं. ती कुठल्या वर्षी, कुठल्या शर्यतीत, कुणाच्या हाती होती हे अंगावर लिहायचं तर अभ्यास लागतो.

पाण्यातल्या डिकलची रचना साधी आहे. खाली जाड शोषक कागद, त्यावर पाण्यात विरघळणाऱ्या डिंकाचा थर, त्यावर पारदर्शक पापुद्रा आणि पापुद्र्यावर छपाई. कागद पाण्यात बुडवला की डिंक सुटतो आणि चित्रासकट पापुद्रा कागदावरून सरकतो. आपल्या घरांतल्या जुन्या काळ्या शिलाई मशीनवरची सोनेरी वेलबुट्टी पुष्कळांना ब्रशनं काढलेली वाटते. सिंगरच्या मशीनवरची ती नक्षी डिकलचीच असे. वर्षानुवर्षं कापड घासून ती पुढच्या बाजूला आधी पुसट होते, तेव्हा कळतं की तो वेगळा थर आहे.

घरी हे करायचं तर डिकल पेपर मिळतो, पण तो प्रिंटरप्रमाणे निवडावा लागतो. इंकजेटसाठीच्या कागदावर शाई धरून ठेवणारा लेप असतो. लेझर प्रिंटरचा टोनर म्हणजे प्लॅस्टिकची रंगीत पूड. ती उष्णतेनं वितळून कागदाला चिकटते, म्हणून त्याचा कागद उष्णता सोसणारा हवा. इंकजेटचा कागद लेझरमध्ये घातला तर लेप वितळून रोलरला बसू शकतो. इंकजेटचे रंग सुरेख येतात, छटा हळुवार उतरतात, पण शाई पाण्याला भिते. त्यामुळे छापलेलं पान नीट वाळवून त्यावर क्लिअर लाखेचे पातळ थर फवारावे लागतात. एकदम जाड थर दिला तर लाखेतल्या द्रावकानंच शाई पसरते. हात लांब ठेवून, हलकी फवारणी, वाळू द्यायचं, पुन्हा हलकी फवारणी. टोनर पाण्याला दाद देत नाही. त्यावर लाख मारायची ती ओरखड्यांपासून संरक्षण म्हणून.

इथवर सगळं सोपं वाटतं. अडचण येते पांढऱ्या रंगापाशी.

घरच्या प्रिंटरमध्ये निळसर, किरमिजी, पिवळा आणि काळा एवढेच रंग असतात. पांढरा नसतो, कारण पांढरेपणा कागदाचा असतो. प्रिंटर जिथे काही छापत नाही तिथे कागद दिसतो आणि आपण त्याला पांढरं म्हणतो. पारदर्शक पापुद्र्यावर मात्र जिथे छापलं नाही तिथे गाडीचा रंग दिसतो. निळ्या डी-टाइपवर पारदर्शक पापुद्र्यातून ३ चिकटवला की काळा आकडा निळ्यात बुडतो आणि वर्तुळ गायब होतं. शिवाय छपाईची शाई स्वतःच अर्धपारदर्शक असते. तिच्याखालचा रंग वर डोकावतो. पिवळ्या बॉडीवर निळं अक्षर लावलं तर ते हिरवट होतं. गल्फ तेल कंपनीच्या रंगातली फोर्ड जीटी४० सगळ्यांना करायची असते: फिकट आकाशी अंग आणि मधोमध नारिंगी पट्टा. १९६८ आणि १९६९ अशी सलग दोन वर्षं ल मां जिंकलेली ती एकच गाडी, पहिल्यांदा ९ क्रमांक घेऊन, दुसऱ्यांदा ६. पण आकाशीवर पारदर्शक पापुद्र्यातला नारिंगी लावला की तो मातकट तपकिरी दिसतो. पहिल्यांदा पाहणाऱ्याला प्रिंटर बिघडला असं वाटतं. प्रिंटर ठीक असतो, खाली पांढरं अस्तर नसतं.

या एका उणिवेवर लोकांनी जे उपाय शोधले, त्यांतच या कारागिरीची खरी अक्कल दिसते. सर्वांत सरळ उपाय म्हणजे पांढऱ्या पापुद्र्याचा डिकल पेपर. वर्तुळाला तो उत्तम, कारण वर्तुळाच्या कडेवरून कापलं की काम झालं. खऱ्या गाडीवरचं वर्तुळ ४५ सेंटिमीटरचं धरलं तर १:३२ मध्ये ते १४ मिलिमीटरचं होतं. एवढं वर्तुळ कात्रीनं गोल कापणं अवघड, म्हणून त्या मापाचा पंच वापरतात. आकडा बरोबर मधोमध यावा म्हणून पंच उलटा धरून, भोकातून बघत दाबायचा. पण पांढऱ्या कागदावर सुटी अक्षरं करायची म्हटलं की पंचाईत होते. अक्षरांभोवतीची पार्श्वभूमी गाडीच्या निळ्याशी जुळवून छापावी लागते आणि ती कधीच तंतोतंत जुळत नाही. उन्हात वेगळी दिसते, दिव्याखाली वेगळी.

म्हणून दुसरा उपाय दोन थरांचा. आधी पांढऱ्या पापुद्र्याचा कोरा तुकडा हव्या त्या आकारात कापून गाडीवर बसवायचा, वाळू द्यायचा आणि त्यावर पारदर्शक पापुद्र्यातलं चित्र ठेवायचं. नारिंगी पट्टा असाच करतात. किंवा चिकटपट्टीचं झाकण लावून गाडीवरच पांढरा रंग मारायचा आणि वर नुसता आकडा. एकुरी एकोसच्या ढालीच्या चिन्हात निळ्यावर पांढरा तिरपा क्रॉस आहे, स्कॉटलंडच्या झेंड्यातला. तो पांढरा छापता येत नाही, तर उलटा विचार करायचा: पांढऱ्या पापुद्र्यावर चार निळे त्रिकोण छापायचे, मधली न छापलेली जागा आपोआप क्रॉस होते. ही युक्ती पहिल्यांदा जमते तेव्हा फार आनंद होतो.

पांढरा थेट छापणारं यंत्रही होतं. आल्प्स या जपानी कंपनीनं मायक्रो ड्राय तंत्राचे प्रिंटर काढले होते. शाई ओली नाही. फितीवरचा रंग उष्णतेनं कागदावर उतरायचा. फितींमध्ये पांढरी होती, सोनेरी आणि चंदेरीही होती. यंत्र आधी पांढरा थर देई, कागद पुन्हा आत ओढी आणि त्याच जागी दुसरा रंग देई. ऑफिसांनी या यंत्राकडे फारसं लक्ष दिलं नाही. मॉडेल करणाऱ्यांनी मात्र ते डोक्यावर घेतलं. उत्पादन बंद झालं तरी लोक ते प्रिंटर, त्यांच्या फिती आणि त्यांना चालवणारे जुने संगणक जपत राहिले. आता पांढऱ्या टोनरचे प्रिंटर मिळतात, ओकी कंपनीचे विशेष प्रसिद्ध आहेत, पण किंमत छंदाच्या आवाक्याबाहेरची. एखाद्यानं घेतला तर तो इतरांना छापून देतो.

छपाईआधीचं काम मला छपाईइतकंच मोलाचं वाटतं. १९५७ च्या गाड्यांवरचे आकडे ब्रशनं रंगवलेले असत. त्यामुळे संगणकातल्या तयार फाँटमधला ३ तिथे उपरा दिसतो: पोट जास्त गोल, टोकं जास्त सरळ. मग जुने फोटो गोळा करायचे, त्यांतला शक्यतो समोरून काढलेला निवडायचा, इंकस्केपसारख्या सॉफ्टवेअरमध्ये तो खाली ठेवून वरून आकडा गिरवायचा. फोटो तिरका असेल तर वर्तुळ लंबगोल दिसतं. ते पुन्हा गोल होईपर्यंत चित्र ताणलं की आकडाही आपोआप सरळ होतो. कृष्णधवल फोटोवरून रंग ठरवणं आणखी कठीण. १९५५ च्या मिले मिलिया शर्यतीत स्टर्लिंग मॉस आणि डेनिस जेंकिन्सन यांनी जिंकलेल्या मर्सिडीजवर ७२२ हा आकडा आहे, कारण ती सकाळी ७ वाजून २२ मिनिटांनी सुटली होती. करड्या फोटोत तो आकडा काळा वाटतो. खऱ्या, चंदेरी गाडीवर तो लाल आहे.

चित्र तयार झालं की आधी साध्या कागदावर छापून, कापून गाडीवर ठेवून बघायचं. पडद्यावर नेमकं वाटणारं माप बॉडीच्या फुगवट्यावर मोठं ठरतं. डिकल पेपर महाग, त्यामुळे शहाणा माणूस रिकामी जागा सोडत नाही. एका पानावर तीन-चार गाड्यांचे आकडे दाटीनं बसवतो आणि प्रत्येकाची एक प्रत जादा काढतो.

लावताना पृष्ठभाग चकचकीत हवा. मॅट रंग सूक्ष्म खडबडीत असतो, त्याच्या खळग्यांत हवा अडकते आणि वाळल्यावर पापुद्र्याखाली चंदेरी धुरकटपणा येतो. म्हणून आधी ग्लॉसचा थर देतात. गाडी मॅट हवी असेल तर शेवटी वरून मॅट लाख. डिकल चिमट्यानं कोमट पाण्यात बुडवून लगेच बाहेर काढायचा आणि टिश्यूवर ठेवून डिंक सुटायची वाट बघायची. पाण्यातच तरंगू दिला तर सगळा डिंक धुऊन जातो. बोटानं हलकंच दाबून पापुद्रा सरकला की तो गाडीवर न्यायचा, ओल्या ब्रशनं जागेवर आणायचा, टिश्यूनं मधून कडेकडे पाणी टिपायचं. डी-टाइपच्या शेपटीसारखी दुहेरी वळणाची जागा असेल तर मायक्रोस्केलची दोन द्रावणं कामाला येतात. मायक्रो सेट खाली लावतात, त्यानं डिकल नीट धरतो. मायक्रो सोल वरून लावतात, ते पापुद्रा मऊ करतं. ते लावल्यावर काही मिनिटांत पापुद्रा सुरकुततो आणि नवख्याला वाटतं सगळं नासलं. त्या वेळी बोट लावायचं नाही, बोट लागलं तर तो खरोखरच फाटतो. तसाच राहू दिला की सुरकुत्या आपोआप बसतात आणि पापुद्रा दाराच्या फटीतसुद्धा उतरतो. राहिलेल्या बुडबुड्याला सुईनं टोचून पुन्हा थेंबभर द्रावण.

कपाटात ठेवायच्या मॉडेलचं काम इथे संपतं. स्लॉट कारचं नाही. ती वळणावर उडणार, कठड्यावर आपटणार, शर्यतीच्या घाईत कुणीतरी तिला घामट बोटांनी उचलून खाचेत परत ठेवणार. आणि ती बोटं नेमकी दारावरच्या वर्तुळावरच पडतात. म्हणून शेवटची लाख टणक हवी आणि ती आधी टाकाऊ तुकड्यावर तपासलेली हवी. इंकजेटचे रंग उन्हात विटतात तेही ध्यानात ठेवावं. खिडकीजवळचा ट्रॅक असेल तर आधी किरमिजी उडतो.

घरी छापण्याचं आणखी एक कारण आहे. १९६८ पासून फॉर्म्युला वनच्या गाड्या प्रायोजकांच्या रंगात आल्या आणि त्यांत तंबाखू कंपन्या मोठ्या होत्या. पुढे जाहिरातीवर बंधनं आली तशी खेळण्यांवरून ती नावं गेली. लाल-पांढरी गाडी तीच, पण नावाची जागा कोरी. सिगारेटचं नाव मुलांच्या खेळण्यावर नसावं हे मला पूर्ण मान्य आहे. तरीही प्रौढ माणूस १९८८ च्या मॅक्लारेनची नोंद म्हणून गाडी करत असेल तर त्या कोऱ्या जागा खोट्या वाटतात, म्हणून तो स्वतःपुरतं नाव छापतो. स्वतःपुरतं हे महत्त्वाचं. दुसऱ्याचा ट्रेडमार्क छापून विकणं ही वेगळी गोष्ट आहे.

मराठी वाचकांपैकी कुणाला सुरुवात करायची असेल तर मी २००५ ची जॉर्डन सुचवेन. नारायण कार्तिकेयन, फॉर्म्युला वनमध्ये उतरलेले पहिले भारतीय, त्या वर्षी १९ क्रमांकाच्या गाडीत होते आणि इंडियानापोलिसला चौथे आले. गाडी पिवळी आहे. पिवळ्यावर काळा आकडा आणि काळी अक्षरं पारदर्शक पापुद्र्यातून स्वच्छ उठतात, पांढऱ्याचं कोडं फारसं आडवं येत नाही. साधा लेझर प्रिंटर पुरतो. फोटो रंगीत आहेत, भरपूर आहेत. वेळ जाईल तो मागच्या पंखावरची बारीक नावं गिरवण्यात, कारण वेगात काढलेल्या फोटोंत नेमकी तीच फिसकटलेली असतात. त्यासाठी पिटमध्ये उभ्या गाडीचे फोटो शोधावेत.