सेवेचे वर्ष संपल्यावर

नवी भाजी ताटात आली की बहुतेक लहान मुले नाक मुरडतात. हा नुसता हट्टीपणा नसतो. अनोळखी अन्नाची धास्ती साधारण २ ते ६ या वयात सर्वाधिक असते. ती ओसरते चवीच्या ओळखीने, आणि ही ओळख व्हायला तीच भाजी आठ-दहा वेळा, काही मुलांना त्याहूनही जास्त वेळा चाखावी लागते.

अमेरिकेतील ‘फूडकॉर्प्स’ या संस्थेचे काम याच तत्त्वाला धरून चालते. २०११ मध्ये तिच्या ५० तरुण सदस्यांची पहिली तुकडी १० राज्यांत गेली. शाळेच्या आवारात भाजीचे वाफे करायचे, मुलांकडून पेरणी-तोडणी करून घ्यायची, वर्गातच साधे पदार्थ करून चाखायला द्यायचे आणि शाळेच्या जेवणात ताजा भाजीपाला यावा म्हणून प्रयत्न करायचे, असे हे काम. मानधन बेताचे आणि मुदत साधारण एका शालेय वर्षाची.

अडचण इथेच आहे. सवय लागायला वेळ लागतो आणि शिकवणारा वर्षभरात निघून जातो. सुट्टीत वाफे सुकतात. कोणत्या मुलाला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे, कोणती कृती मुलांनी आवडीने खाल्ली, कोणता शेतकरी वेळेवर माल देतो, ही माहितीही त्याच्याबरोबर जाते. म्हणून निघताना सगळे वहीत लिहून ठेवावे आणि नव्या सदस्याच्या पहिल्या सहामाहीत महिन्यातून एखादा फोन तरी करावा.

माजी सदस्यांचा आपापसातला संपर्क त्यांच्या स्वतःच्या वाटचालीलाही उपयोगी पडतो. अमेरिकेत नोंदणीकृत आहारतज्ज्ञ व्हायचे तर १ जानेवारी २०२४ पासून नोंदणी परीक्षेला बसण्यासाठी पदव्युत्तर पदवी लागते. ‘अमेरिकॉर्प्स’ या राष्ट्रीय सेवायोजनेखाली सेवा पूर्ण करणाऱ्यांना शिक्षणासाठी मिळणारी रक्कम साधारणपणे ७ वर्षांच्या आत फीसाठी किंवा शैक्षणिक कर्जासाठी वापरावी लागते. ‘पुढे बघू’ म्हणत राहिले की मुदत टळते. दुसरी वाट शालेय भोजन विभागाची. तिथे २०१५ पासून लागू झालेल्या मानकांनुसार भोजन संचालकाला वर्षाला १२ तास आणि व्यवस्थापकाला १० तास प्रशिक्षण घ्यावे लागते. म्हणजे नोकरी लागल्यावरही शिकणे सुटत नाही. कोणता अभ्यासक्रम घ्यावा, कुठे जागा निघते, पगारात भागते का, हे त्या वाटेने आधी गेलेलाच नीट सांगू शकतो.

शिवाय शाळेतला अनुभव घेतलेला माणूस भोजन विभागात रुजू झाला, तर मुले काय खातात आणि काय टाकतात हे त्याला नव्याने शिकवावे लागत नाही.

एखाद्या मुलाने वर्षभरात पालक चारदा चाखून बाजूला सारलेला असतो. पुढच्या वर्षी पाचव्यांदा तो त्याच्या ताटात वाढायला हवा, हे नव्या सदस्याला जुन्याकडूनच कळते.