गोपीनाथ मुंडे यांची विधानसभेतील कारकीर्द

गोपीनाथ पांडुरंग मुंडे (१२ डिसेंबर १९४९ – ३ जून २०१४) हे महाराष्ट्रातील भारतीय जनता पक्षाचे नेते, राज्याचे माजी उपमुख्यमंत्री आणि विधानसभेतील माजी विरोधी पक्षनेते होते. रेणापूर मतदारसंघातून ते १९८०, १९९०, १९९५, १९९९ आणि २००४ असे पाच वेळा विधानसभेवर निवडून आले. शहरी मानल्या जाणाऱ्या पक्षाला मराठवाड्यातील ग्रामीण आणि इतर मागासवर्गीय समाजात आधार मिळवून देणे, हे त्यांच्या कारकिर्दीचे मुख्य वैशिष्ट्य मानले जाते.

प्रारंभीचे जीवन

मुंडे यांचा जन्म बीड जिल्ह्यातील परळी तालुक्यातल्या नाथ्रा या गावी शेतकरी कुटुंबात झाला. अंबाजोगाई येथे महाविद्यालयीन शिक्षण घेत असताना प्रमोद महाजन यांच्याशी त्यांची मैत्री झाली. पुढे महाजन यांच्या भगिनी प्रज्ञा यांच्याशी त्यांचा विवाह झाला. कायद्याच्या शिक्षणासाठी ते पुण्यास गेले. आणीबाणीत त्यांना कारावास भोगावा लागला. १९७८ मध्ये ते बीड जिल्हा परिषदेवर निवडून आले.

आमदारकी व पक्षकार्य

१९८० मध्ये भाजपची स्थापना झाली आणि त्याच वर्षी मुंडे प्रथमच विधानसभेत पोहोचले. त्या निवडणुकीत पक्षाला केवळ १४ जागा मिळाल्या होत्या. १९८५ मध्ये मुंडे पराभूत झाले. तथापि पुढील वर्षी त्यांच्याकडे पक्षाचे प्रदेशाध्यक्षपद आले. संघटक वसंतराव भागवत यांनी माळी, धनगर व वंजारी समाजांना पक्षाशी जोडण्याचे धोरण आखले होते. आद्याक्षरांवरून ते ‘माधव’ सूत्र म्हणून ओळखले गेले. वंजारी समाजातून आलेले मुंडे या धोरणाचे प्रमुख प्रतिनिधी ठरले.

ऊसतोड कामगारांचे प्रश्न

बीड हा अवर्षणप्रवण जिल्हा आहे. दसऱ्यानंतर येथील असंख्य कुटुंबे ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात स्थलांतर करतात. पती-पत्नीच्या जोडीला ‘कोयता’ म्हणतात. मुकादमाकडून घेतलेली ‘उचल’ हंगामभर काम करून फेडावी लागते. मजुरीचे दर व मुकादमाचे कमिशन वाढवून मिळावे, यासाठी झालेल्या संपांचे नेतृत्व मुंडे यांनी केले आणि साखर कारखानदारांशी झालेल्या वाटाघाटींत मजुरांची बाजू मांडली. परळीजवळील पांगरी येथे वैद्यनाथ सहकारी साखर कारखाना उभारल्यामुळे ते स्वतःही कारखानदारीत आले.

विरोधी पक्षनेते

डिसेंबर १९९१ मध्ये छगन भुजबळ यांच्यासह काही आमदार शिवसेनेतून बाहेर पडल्याने सेनेचे संख्याबळ घटले आणि विरोधी पक्षनेतेपद भाजपच्या वतीने मुंडे यांना मिळाले. राजकारणाचे गुन्हेगारीकरण आणि शरद पवार यांच्या सरकारचा कारभार यांवर त्यांनी सभागृहात सातत्याने टीका केली. १९९४ मध्ये त्यांनी राज्यात संघर्ष यात्रा काढली.

उपमुख्यमंत्री

१९९५ च्या निवडणुकीत शिवसेनेला ७३ आणि भाजपला ६५ जागा मिळाल्या. १४ मार्च १९९५ रोजी मनोहर जोशी मुख्यमंत्री व मुंडे उपमुख्यमंत्री झाले. गृह आणि ऊर्जा ही खाती मुंडे यांच्याकडे होती.

एन्रॉन कंपनीचा दाभोळ वीजप्रकल्प अरबी समुद्रात बुडवण्याची घोषणा निवडणूक प्रचारात गाजली होती. सत्तेवर आल्यावर मुंडे यांच्या अध्यक्षतेखालील मंत्रिमंडळ उपसमितीने प्रकल्पाचा आढावा घेतला आणि ऑगस्ट १९९५ मध्ये सरकारने करार रद्द केला. मात्र फेरवाटाघाटींनंतर त्याच सरकारने प्रकल्पास पुन्हा मान्यता दिली. हा निर्णय मुंडे यांच्यावरील टीकेचा विषय ठरला.

गृहमंत्री असताना मुंबईतील संघटित गुन्हेगारीविरुद्ध पोलिसांनी कठोर मोहीम राबवली. १९९९ मध्ये महाराष्ट्र संघटित गुन्हेगारी नियंत्रण कायदा (मकोका) आला. वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्यासमोर दिलेला कबुलीजबाब पुरावा म्हणून ग्राह्य धरण्याच्या तरतुदीमुळे तो वादग्रस्त राहिला. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात राज्य राखीव पोलीस दलाच्या गोळीबारात १० जण मृत्युमुखी पडले. ही घटनाही त्यांच्याच कार्यकाळातील होय.

लोकसभा व निधन

२००९ मध्ये मुंडे बीडमधून लोकसभेवर निवडून आले. मतदारसंघांच्या पुनर्रचनेत रेणापूर मतदारसंघ संपुष्टात आला आणि नव्या परळी मतदारसंघातून त्यांच्या कन्या पंकजा विधानसभेत गेल्या. २०१४ मध्ये ते पुन्हा विजयी झाले व २६ मे रोजी केंद्रीय ग्रामीण विकास मंत्री झाले. अवघ्या आठ दिवसांनी, ३ जून रोजी दिल्लीतील मोटार अपघातानंतर त्यांचे निधन झाले. परळी येथे त्यांच्यावर अंत्यसंस्कार करण्यात आले. पोटनिवडणुकीत त्यांच्या कन्या प्रीतम सुमारे ६ लाख ९६ हजार मतांच्या फरकाने विजयी झाल्या. पांगरी येथील ‘गोपीनाथ गड’ हे त्यांचे स्मारक आहे. ऊसतोड कामगारांसाठीच्या राज्य शासनाच्या कल्याण महामंडळालाही त्यांचे नाव देण्यात आले आहे.